पाच सृष्टींची पेटी आणि कवडूजींचं ऐनाचं रान

वीस वर्षं मी मुलांना छातीठोकपणे सांगत आलो की सजीवांच्या सृष्टी दोनच: वनस्पती आणि प्राणी. बुरशी कुठे? वनस्पतीत. जिवाणू? तेही ढकला तिकडेच, कोण विचारतंय! मग नवा अभ्यासक्रम आला आणि दोनाच्या पाच सृष्टी झाल्या. जिवाणूंची मोनेरा, एका पेशीच्या जिवांची प्रोटिस्टा, बुरशी-अळंब्यांची कवकसृष्टी, आणि मग आपल्या जुन्या ओळखीच्या वनस्पती आणि प्राणी. बाटलेल्या माणसाला नव्या धर्माचा उत्साह जास्त असतो. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात पाच सृष्टींचा माझ्याइतका कडवा प्रचारक दुसरा नव्हता.

या उत्साहात मी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. आत पाच कप्पे, प्रत्येकावर माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. एकाच ठिकाणाहून पाचही सृष्टींचे नमुने आणायचे आणि विज्ञान प्रदर्शनात सगळ्यांचे डोळे दिपवायचे, असा बेत. बायकोने पेटी पाहिली आणि म्हणाली, "मागच्या बरणीतल्या लोणच्यावर तिसरी सृष्टी आलीय. ती आधी न्या, मग कुठं जायचं तिथं जा." मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात घरच्यांचा असा अडथळा असतोच.

जायचं कुठे, हे पुण्याच्या शिक्षक शिबिरात ठरलं होतं. तिथे माझ्या खोलीत भंडाऱ्याचे रामटेके सर होते, माझ्यासारखेच जीवशास्त्राचे. माझी पेटीची कल्पना ऐकून ते म्हणाले, "कायले पाच गावं फिरता सर? आमच्याकडे या. कोशाच्या रानात एका ऐनाच्या झाडावर तुमच्या पाची सृष्ट्या दाखवतो." एकोणऐंशीच्या दिवाळीची सुट्टी लागली आणि मी निघालो.

भंडारा

पहिला गोंधळ ताटावर झाला. आमच्याकडे भात आला की जेवण संपत आलं असं समजायचं. रामटेक्यांच्या घरी ताटात पहिल्यांदाच भाताचा डोंगर आला. मला वाटलं, पोळ्या-भाकरी संपल्या असतील, बिचाऱ्यांना ओशाळं वाटायला नको. म्हणून चार घास खाऊन समंजसपणे हात आवरला. वहिनी काळजीत पडल्या. "तब्येत बरी नाही का जी सरांची?" मग कळलं की जेवण म्हणजेच हा भात, त्याच्यासोबत लाखोरीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी आणि परत भात. माझा समंजसपणा मला चांगलाच महागात पडला. संध्याकाळपर्यंत पोटात कावळे ओरडत होते आणि मी रामटेके सरांना कवकांच्या पेशीभित्तिकेविषयी सांगत होतो.

त्यांचे वडील ओसरीवर बसून ऐकत होते. म्हातारा छप्पन साली दीक्षेसाठी इथून नागपूरपर्यंत पायी गेलेला. माझी पेटी त्यांनी उघडून पाहिली, पाचही चिठ्ठ्या लावून वाचल्या आणि विचारलं, "माणसं सगळी एकाच खान्यात ना जी?"

"हो, सगळी एकाच. प्राण्यांत."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले आणि पेटी बंद केली.

अड्याळच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अड्याळकडे जाणारी एस.टी. धरली. गावाच्या अलीकडेच उतरलो. दोन्ही बाजूंना ऐनाचं रान. या रानात ढीवर लोक टसरच्या रेशमाच्या अळ्या वाढवतात. हे मुळात मासेमारी करणारे. पण पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत अळ्या ऐनाच्या पानांवर चढवायच्या, पाखरांपासून राखायच्या आणि शेवटी त्यांनी बांधलेले कोसे उतरवायचे, हा त्यांचा दुसरा धंदा.

वाटेतलं पहिलं रान ओसाड होतं. झोपडी मोडलेली, झाडांवर एकही अळी नाही. "इथं बिमारी आली," रामटेके सर म्हणाले. "सोडून गेला बिचारा." मी मात्र पालापाचोळ्यात वाकलो आणि माझ्या तोंडातून आनंदाचा चीत्कार निघाला. एका फांदीला चिकटून मेलेली अळी होती, बोटाएवढी, पांढरीशुभ्र, खडूच्या तुकड्यासारखी कडक, आणि अंगभर पांढरी भुकटी. कवक! प्राण्यावर वाढलेलं कवक! एका नमुन्यात दोन सृष्टी!

"टाका ते सर," रामटेके म्हणाले. "इकडचे लोक हे हातात घेत नाहीत. दूर नेऊन गाडतात."

"अहो, अंधश्रद्धा," मी म्हणालो. पण पाहुणा होतो, म्हणून टाकल्यासारखं केलं आणि त्यांची पाठ वळताच अळी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस. पोरं बोरं चोरतात त्याच थाटात.

पुढे मैलभर चालल्यावर कवडूजी मेश्रामांचं रान लागलं. रानाच्या तोंडाशी राखेची एक जाड रेघ ओढलेली. रेघेच्या आत कवडूजी उभे, दोन महिन्यांची दाढी, हातात मातीच्या गोळ्या मारायची गुलेल. त्यांच्या मागे बायको सयाबाई, कमरेला पदर खोचून. दोघंही आपले रीतिरिवाज घेऊन रानात राहायला आलेले. कोसा उतरेपर्यंत दाढी नाही, खाट नाही, आणि ढिवराच्या घरात मासोळी नाही! हे ऐकून मला हसू आलं. कोकणी माणसाने दोन महिने मासे सोडले तर त्याला आधी डॉक्टरकडे नेतील.

"आत याचं असन तं बोडीवर आंघोळ करून या जी," कवडूजी म्हणाले. "डोक्यावरून. अन् कपडे पिळून घाला."

बोडी म्हणजे लहान तळं. ऑक्टोबरची सकाळ, पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले, आणि पाणी असं गार की घोट्यापर्यंत शिरलो तेव्हाच माझी विज्ञाननिष्ठा जागी झाली. माशाचा, अंघोळीचा आणि अळीचा संबंध काय? रामटेके सर पलीकडे डुबक्या मारत होते. मी काठावर बसून ओंजळीने केस भिजवले, बाह्यांवर थोडं पाणी शिंपडलं आणि खिशातला नमुना तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून डबी पिशवीत टाकली. मोकळा झालेला रुमाल झटकला आणि परत खिशात ठेवला. उठताना काठावर पडलेलं शिंगाड्याचं काटेरी फळ पायात घुसलं. वनस्पतीसृष्टीने मला दिलेला तो एकमेव इशारा होता आणि मी तो चिमट्याने काढून फेकून दिला.

रानात मात्र मी हरखून गेलो. हिरव्यागार, लठ्ठ अळ्या, बाजूला चांदीच्या टिकल्या, फांद्यांना उलट्या लटकून पानं कुरतडत होत्या. मी म्हणालो, "काय सुंदर किडा आहे!"

"किडा म्हणू नोका जी," सयाबाई म्हणाली. "पोरं म्हणा. नाराज होते."

एका झाडाची पानं संपली की अळ्यांसकट फांदी छाटायची आणि नव्या झाडाला बांधायची, असं त्यांचं काम चाललं होतं. मीही बाह्या सरसावल्या. तीन झाडांवर फांद्या मी बांधल्या. दर दोन मिनिटांनी रुमालाने हात पुसत होतो, कारण अळ्या हिरवा रस सोडतात. कामाची आठवण म्हणून त्या तीन झाडांना मी दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या: एक, दोन, तीन. नंतर चित्रं काढायची होती.

"हात हलका आहे गुरुजीचा," कवडूजींनी रामटेके सरांना सांगितलं. सांगलीच्या प्राचार्यांनी वीस वर्षांत माझं असं कौतुक केलं नव्हतं. मी फुलून गेलो. जेवायला बसलो तेव्हा त्या दोघांना पाच सृष्टी समजावून सांगितल्या. वनस्पती स्वतःचं अन्न तयार करते, प्राणी गिळतो, आणि कवक ना तयार करत, ना गिळत. दुसऱ्याच्या अंगावर बसून शोषतं. "मोठं आळशी खातं," मी म्हणालो. "जागचं हलतसुद्धा नाही." सयाबाई पदर तोंडाला लावून हसली. "हे तं आमच्या जावयासारखं झालं बाप्पा!"

तुमसर

मधले आठ दिवस मी जिल्हा पालथा घातला. प्रोटिस्टासाठी गावोगावच्या तळ्यांतलं हिरवं पाणी भरलं. मोनेरासाठी तुमसरच्या राइस मिलमध्ये गेलो. तिथे उकड्या तांदळासाठी धान मोठाल्या हौदांत भिजत घालतात. त्या पाण्याला जो आंबूस वास येतो तो जिवाणूंचा. मिलवाल्याने बाटलीभर पाणी आनंदाने दिलं. फुकट घाण न्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

परतीच्या एस.टी.त, भंडाऱ्याच्या थोडं अलीकडे, उन्हाने तापून बाटलीचं बूच उडालं. शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या टोपलीत, मग माझ्या धोतरजोडीवर, मग पुढच्या बाकावरच्या फेट्यावर. "काय सडून राहिलं बाप्पा इथं?" कंडक्टर नाक दाबून ओरडला. मी उभा राहिलो आणि सगळ्या गाडीला उद्देशून म्हणालो, "घाबरू नका. ही मोनेरा आहे." गाडी थांबवून मला मोनेरासकट खाली उतरवलं. उरलेली वाट मी चालत आलो. पण पेटीचे चार कप्पे भरले होते, पाचवा भरल्यातच जमा होता, आणि मी शीळ वाजवत होतो.

पुन्हा कवडूजींकडे

चित्रं काढायची राहिली होती म्हणून नवव्या दिवशी रामटेके सरांबरोबर पुन्हा गेलो. राखेच्या रेघेबाहेर, मोहाच्या झाडाखाली, एका गोट्यावर सयाबाई एकटी बसली होती. पुढ्यात उकडलेले शिंगाडे. हसली नाही.

"बाहेर काहून बसल्या जी?" रामटेके सरांनी विचारलं.

"चार रोज झाले," ती म्हणाली. "पोरं पांढरी पडून राहिली. हे म्हंतेत तू पाप केलं."

हकिगत अशी. मधे तिचा भाऊ तापाने फणफणला म्हणून ती एका दिवसासाठी पवनीला माहेरी गेली. त्या घरी त्या दिवशी मासोळी शिजली होती. ती परत आली आणि चार दिवसांत अळ्या मरू लागल्या. कवडूजींनी दोन नि दोन चार केले. बायकोने व्रत मोडलं, बोलली नाही. तिला रेघेबाहेर काढलं. कोसा गेला तर पुढचं वर्षच गेलं, आणि ते तिच्या नावावर.

मला जोर चढला. असल्या अज्ञानाशी लढायलाच तर देवाने मला अभ्यासक्रम दिला होता! या वेळी अंघोळ मात्र केली, कारण कवडूजी काठावर उभे राहून बघत होते, आणि तशीच ओली पंचा-बंडी घालून रानात गेलो. जाता जाता व्याख्यान सुरूच. "कवडूजी, तुम्ही या माउलीला उगाच छळताय. माशाने अळी पांढरी होत नाही. ही बुरशी आहे, बुरशी! कवकसृष्टी! तिचे कण कुठून तरी यावे लागतात. हवेने, हाताने, कपड्याने. कुठली झाडं आहेत, दाखवा मला."

त्यांनी दाखवली. तीन झाडं. बाकी सगळं रान हिरवं, अळ्या खात होत्या, आणि या तीन झाडांवर पांढरे खडू लटकत होते. प्रत्येक झाडाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात. एक. दोन. तीन.

मी व्याख्यान मधेच थांबवलं. रामटेके सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मला ऊन लागलं. मला रुमाल आठवत होता. खिशातली अळी, झटकलेला रुमाल, दर दोन मिनिटांनी पुसलेले हात. हवेने, हाताने, कपड्याने, हे मीच आत्ता म्हटलं होतं, आणि तेही मोठ्याने.

खरं सांगतो, लगेच कबूल केलं नाही. पहिला विचार आला तो चिठ्ठ्या काढून घेण्याचा. दुसरा असा की वाऱ्यानेही आली असेल, ओसाड रान काही फार लांब नाही. तिसरा असा की मी परवा जाणारच आहे. माझ्या शिक्षणाने मला इतक्या चटकन इतक्या सबबी पुरवल्या की शिक्षणावरचा खर्च वसूल झाला म्हणायचा. "पाणी पिऊन येतो," म्हणालो आणि बाहेर सटकलो.

सयाबाईने मला लोटा दिला, दोन शिंगाडे सोलून हातावर ठेवले. मी खाली बघत खात होतो. ती आपणहून बोलली.

"मी खाल्ली नाही जी मासोळी, गुरुजी. भावजयीनं वाढली होती, मी ताट सरकवलं. पण चार रोज झाले हे इचारून राहिले, इचारून राहिले. आता मलेच वाटून राहिलं का खाल्ली असन. हाताले वास येते का म्हणून पाहतो मी."

आणि तिने खरोखर उजव्या हाताची बोटं नाकापाशी नेली.

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. हातातला शिंगाडा खाली ठेवला. तसाच उठलो आणि रेघेपाशी जाऊन हाक मारली. "कवडूजी! बाहेर या. बाईने काही केलेलं नाही. मी केलंय."

ते आले. मागून रामटेके सर. मी पिशवीतून तंबाखूची डबी काढली आणि उघडून दाखवली. मग सगळं सांगितलं, ओसाड रान, रुमाल, तीन झाडं. सांगताना एकदाही 'कवकसृष्टी' म्हणालो नाही. रामटेके सर फक्त एवढंच पुटपुटले, "टाका म्हटलं होतं ना सर मी."

कवडूजींनी डबी हातात घेतली नाही, लांबूनच पाहिली. मग शांतपणे विचारलं, "याले पाय आहेत का गुरुजी?"

"नाहीत."

"पंख?"

"नाहीत. जागचं हलत नाही ते."

"मंग ते तुमच्या पायानं आलं." माझ्या कपड्यांकडे बघत म्हणाले, "पण तुमी तं आंघोळ केली होती. कपडे पिळले होते."

तो प्रश्न येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडत होतो, मी, ज्याचा देवांवर विश्वास नाही. "केस ओले केले होते," मी म्हणालो. "पाणी गार होतं."

असलं उत्तर अकरावीच्या पोराने दिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. कवडूजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग डबीकडे, मग रानाकडे. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते झाडं मोजत होते.

मग त्यांनी मान न वळवता हाक मारली. "सया. कोयता घे. ते तीन झाडं छाटून जाळू. बाकीचे वाचले तं वाचले."

एवढंच. माफी नाही, चुकलं नाही, 'ये आत' एवढंसुद्धा नाही. आमच्याकडचे नवरेही याच सृष्टीतले, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. सयाबाई उठली. घाई केली नाही. शिंगाड्याची टरफलं गोळा केली, पदर झटकला, बोडीकडे गेली आणि ओल्या लुगड्याने परत आली. कोयता रेघेपाशी टेकवून ठेवलेला होता, तो उचलला. चार दिवसांनी तिने राखेच्या रेघेवरून पाय टाकला. मीही मागोमाग निघालो. निदान लाकडं तरी ओढावी, एवढं तरी करावं, असं मनात होतं.

ती रेघेच्या आतून वळली आणि कोयत्याच्या टोकाने मोहाच्या झाडाखालचा गोटा दाखवला.

"तुमी तिथं बसा आता," ती म्हणाली. "चार रोज मी बसली. गरम आहे अजून."

मी जाऊन बसलो.